आबासाहेबांच्या विहिरीतलं स्टेशन

शरच्चंद्र लंडनहून सोनईला परत येऊन वर्ष उलटलं, तरी तो तिकडे इतकी वर्षं नेमकं काय करत होता हे गावाला कळलं नव्हतं. त्याचे वडील दत्तोपंत गावाचे जोशी. लग्नं, मुंजी, वास्तुशांती असली कामं करणारा सरळ माणूस. कुणी विचारलं की ते "रेल्वेत होता" एवढं सांगून मोकळे होत. परिणाम असा झाला, की लोक शरच्चंद्राला रस्त्यात गाठून मनमाडच्या गाडीची वेळ विचारत. सोनईला रेल्वे कधी येणार, हे त्यानं सांगावं आणि जमल्यास आणावी, अशीही अपेक्षा होती.

खरी गोष्ट अशी, की शरच्चंद्र मुंबईला इमारतींचे नकाशे काढायला शिकला आणि पुढे लंडनमधल्या एका कचेरीत लागला. त्या कचेरीकडे भुयारी रेल्वेच्या नव्या स्टेशनांचं काम होतं. मग लढाई पेटली आणि तो तिकडेच अडकला. त्याच्या वाट्याला आले ते कठडे. सरकत्या जिन्यांचे कठडे, दिव्यांचे खांब, बाकं, फार तर घड्याळाभोवतीची चौकट. अख्खं स्टेशन त्याच्या हाती कुणी दिलं नाही. पण काम सुटलं की तो तिकीट काढून खाली उतरे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या सोडून देत फलाटावर नुसता बसून राही. गुळगुळीत पांढऱ्या भिंती, डोक्यावर कमान, उजेड असा की दिवा कुठे आहे ते दिसू नये, आणि कुठेही उभं राहिलं तरी बाहेरची वाट दाखवणारी पाटी समोर. माणूस जमिनीत इतका खोल उतरूनही घाबरत नाही, हे कुणीतरी टेबलाशी बसून आखलेलं आहे, याचं त्याला फार अप्रूप वाटे.

लढाई संपली, कचेरीनं माणसं कमी केली आणि शरच्चंद्र बोटीत बसला. मुंबईत त्यानं चार दारं ठोठावली. "भुयारी स्टेशन? इथे आधी जमिनीवरचं तरी धड होऊ दे," असं सगळीकडे ऐकून तो घरी आला आणि वडिलांच्या ओटीवर बसून, कुणी न सांगता, स्टेशनांची चित्रं काढू लागला.

त्याच सुमारास आबासाहेबांची विहीर गावात गाजत होती.

आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, आणि हट्टाला त्याहून मोठे. पाणाड्यानं हातातला नारळ उभा राहिल्याचं दाखवून जागा दिली आणि आबासाहेबांनी तिथे विहीर धरली. तीसुद्धा साधी नव्हे. एवढी ऐसपैस, की वरून खाली बघणाऱ्याला आपण कुणाचं तरी वाईट केलंय असं वाटावं. मुरूम लागला, पाषाण लागला, सुरुंग झाले. पाणी नाही. पाणाड्या म्हणाला, झरा आडवा आहे. मग विहिरीच्या तळातून ओढ्याच्या दिशेनं आडवा बोगदा खणायला घेतला. तो खणत खणत माणसं एके दिवशी पलीकडे उजेडात बाहेर पडली, तर समोर खोलगटातल्या ओढ्याच्या काठी छगन गवळ्याची म्हैस रवंथ करत उभी. तिनं एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. पाणाड्या त्याच संध्याकाळी मावशीला बरं नाही म्हणून गाव सोडून गेला.

आता विहिरीचं काय करायचं हा प्रश्न कदाचित तसाच राहिला असता, पण आबासाहेबांच्या मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा शेवगावचा. त्याचा बाप कानिफनाथराव हा धिप्पाड, झुपकेदार मिश्यांचा आणि मोजकं बोलणारा गृहस्थ. थोरल्या मुलाच्या लग्नात, वैशाखातल्या भर दुपारी, मांडवाखाली त्याची पाव्हणेमंडळी उन्हानं पटापट आडवी झाली होती. तेव्हापासून त्यानं धसका घेतला होता. देण्याघेण्याचं त्यानं काहीच काढलं नाही. जाताना फक्त म्हणाला, "सावली पायजे. मांडवाची न्हाई. खरी."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब दत्तोपंतांच्या ओटीवर हजर.

"पंत, तुमचा ल्योक भुईखाली ठेसनं बांधीत हुता म्हनं?"

"ठेसनांचे कठडे," दत्तोपंत प्रामाणिकपणे म्हणाले.

"कठडं तर कठडं. भुईखाली गारवा आसतो का न्हाई?"

शरच्चंद्रानं मान वर केली. "असतो. उन्हाळ्यात फार बरं वाटतं."

"मग माज्या हिरीचं ठेसन करून द्या. मुक्तीचं लगीन तिथं लावतो. गाडीचं काय तुमच्याकडं मागत न्हाई, नुसतं ठेसन करा."

इतक्या वर्षांत शरच्चंद्राला कुणीही असं म्हटलं नव्हतं. त्याच्या हातातली पेन्सिल घरंगळत अंगणात गेली आणि ती आणायला तो उठला, तो तसाच विहिरीकडे चालत गेला.

दत्तोपंतांनी मात्र शास्त्राची पुस्तकं काढली. भूमीच्या पोटात विवाह लावावा की लावू नये, याबद्दल कुठे अक्षर सापडेना. शेवटी ते म्हणाले, "शास्त्रकारांना हे सुचलं नाही, तेव्हा निषेधही नाही."

काम सुरू झालं. सिमेंट त्या दिवसांत परवान्यावाचून मिळत नसे, म्हणून बैलाच्या घाणीत चुना मळला. सहादेव गवंड्यानं विटांची कमान चढवून विहिरीचं तोंड झाकत आणलं, आणि मधोमध उजेडासाठी जाड काच बसवली. लंडनच्या चकचकीत फरश्या कुठून आणणार? शरच्चंद्रानं भिंतींना चुन्याचा गिलावा करून तो शंखानं घोटून घेतला, तेव्हा त्यात माणसाचं तोंड दिसू लागलं. विहिरीच्या तळाचा गोल झाला लग्नाचा चौक. बोगदा रुंद करून त्याच्या एका अंगाला लांबच लांब दगडी ओटा घातला. त्याला शरच्चंद्र फलाट म्हणे, बाकीचे बसायचा कट्टा म्हणत. वरून खाली ऐसपैस जिना, आणि जिन्याच्या मधोमध सागवानी कठडा. हा कठडा त्यानं असा काढला होता, की त्यावर ठेवलेला हात आपोआप पुढे सरकत जावा. तो बघायला लोक सोनईच्या बाजाराच्या दिवशी रांगा लावून येत आणि हात ठेवून वरखाली करत.

पहिली कुरबुर झाली ती पाटीवरून. चौकाच्या भिंतीवर शरच्चंद्रानं लाल रंगाचं मोठं कडं काढलं, त्यावर आडवी निळी पट्टी, आणि पट्टीवर सुबक अक्षरांत 'सोनई'.

आबासाहेबांच्या पत्नी रतनबाई पदर खोचून ते बघत उभ्या राहिल्या. "भाऊ, ही भाकर मधीच का बांदलीया?"

"ती भाकर नाही, रतनबाई. स्टेशनाची खूण आहे. उतरलेल्या माणसाला आपण कुठे आलो ते कळायला हवं."

"मी माज्या हिरीत हाय येवढं मला कळतंया," आबासाहेब म्हणाले. पण पाटी त्यांना मनातून आवडली होती, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तशीच एक गोठ्यावरही काढून मागितली.

मग बाण. 'बाहेर' असं लिहून वाट दाखवणारा बाण काढायला शरच्चंद्रानं सहादेवला सांगितलं आणि तो दुसऱ्या कामाला गेला. परत येऊन बघतो तर सहादेवनं प्रत्येक 'बाहेर'शेजारी मागे पिसं, पुढे पातं असा खराखुरा बाण काढला होता, आणि दोन ठिकाणी जागा उरली म्हणून धनुष्यही. शरच्चंद्रानं पुसायला फडकं उचललं. मग त्याला वाटलं, दिशा तर कळते ना. राहू दे.

सगळ्यात मोठा घोटाळा जिन्यावर झाला. वरून बघताना उतरणाऱ्यांनी जिन्याच्या डावीकडून आणि चढणाऱ्यांनी उजवीकडून जावं अशा पाट्या त्यानं लावल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी कानिफनाथराव जागा बघायला आले, पाटी वाचली आणि तिथंच थांबले.

"आमी मुलाकडचं. आमाला डावीकडनं उतरवता?"

"तसं नाही, कानिफनाथराव. गर्दी अडू नये म्हणून..."

"डावं पाऊल टाकून सून आनायची? आन् डाव्या अंगानं वरात?" मिश्या थरथरल्या.

आबासाहेबांनी शरच्चंद्राच्या खांद्यावर हात ठेवला. "धाकलं पंत, पुसा ते. ज्याला जिकडनं वाटंल तिकडनं जाऊ द्या."

शरच्चंद्रानं जड मनानं पाट्या पुसल्या. कचेरीत असताना एका पाटीतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी त्याला झोप येत नसे. आज त्याचा अख्खा जिना रिकामा झाला होता.

लग्नाचा दिवस उजाडला तो भट्टीसारखा. वर जमिनीवर पाय ठेवता येईना. वरात वाजतगाजत आली, नवऱ्याच्या घोड्यानं जिन्याच्या तोंडाशी आत डोकावून बघितलं आणि ठाम नकार दिला. नवरा पायउतार झाला. आणि एकदा का पाव्हणेमंडळी खाली पोचली, तसा एकेकाच्या तोंडून आपोआप "आहाहा" निघू लागला. भिंती गार, कट्टा गार, काचेतून चौकात दुधासारखा उजेड पडलेला, बोगद्यात गॅसबत्त्या लावलेल्या. घामेजलेले फेटे उतरले. एक म्हातारे गृहस्थ तर घोटलेल्या भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभे राहिले, ते हलेचनात. कानिफनाथराव कट्ट्यावर टेकले, हात मागे टाकले आणि म्हणाले, "हां. ही सावली."

शरच्चंद्र कोपऱ्यात उभा होता. माणसं जमिनीत खोल उतरली होती आणि कुणी घाबरलं नव्हतं. एवढं त्याला पुरेसं होतं.

मंगलाष्टकं झाली. सनई-ताशाचा आवाज त्या कमानीखाली असा घुमला, की अक्षता टाकायच्याऐवजी निम्म्या लोकांनी कान धरले. तेही हसण्यावारी गेलं. मग दत्तोपंतांनी होम पेटवला.

आता लेकाच्या पहिल्यावहिल्या वास्तूत होम, म्हणून दत्तोपंतांनी तो यथासांग करायचं ठरवलं होतं. गोवऱ्या भरपूर, समिधा भरपूर, तुपाला हात सैल. धूर उठला, सरळ वर गेला, काचेला लागला आणि परत खाली आला. काम चालू होतं तोवर विहिरीचं तोंड उघडं होतं. ते पुरतं झाकलं गेलं लग्नाच्याच आठवड्यात. धूर कुठून जाणार, हे कचेरीत दुसऱ्या टेबलावरचे लोक बघत असत. शरच्चंद्राकडे कठडे होते.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. होमाला धूर व्हायचाच. पण कानिफनाथरावांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, त्या बघून रतनबाईंना भरून आलं.

"बघा की, सासऱ्याला आत्ताच येवढी माया!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचं बघून त्यांच्या जावा रडू लागल्या. मुलीच्या पाठवणीचं रडणं हे असं दुपारी, सप्तपदीच्या आधीच सुरू झालं. लांब बोगद्यात बसलेल्या पाव्हण्यांना वाटलं काहीतरी वाईट घडलं, तेही येऊन गळ्यात पडू लागले. नवरी मुक्ता मुंडावळ्यांच्या आडून सगळीकडे बघत होती आणि तिला काही उमजेना.

"स्वाहा!" दत्तोपंत म्हणाले आणि डोळे मिटून तुपाची धार सोडली. ती नवरदेवाच्या गुडघ्यावर गेली.

मग खोकला सुरू झाला. समोरचा माणूस दिसेना, बाण दिसेनात, 'बाहेर' तर नाहीच नाही. "वर चला, वर चला" असा गलका झाला. माणसं जिन्याकडे धावली, आणि नेमक्या त्याच वेळी वरून सरबताची घंगाळी घेऊन वाढपी खाली येत होते. कठड्याच्या दोन्ही बाजूंनी. पाट्या पुसलेल्या. मधल्या पायऱ्यांवर पाव्हणे, वाढपी आणि घंगाळी यांची अशी काही गाठ बसली, की कुणाला वर जाता येईना की खाली येता येईना.

"पंत!" आबासाहेब धुरातून ओरडले. "धाकलं पंत! धूर काढा!"

शरच्चंद्र बोगद्याच्या आतल्या तोंडाशी उभा होता. ओढ्याकडचं पलीकडचं तोंड उघडं होतं, पण वारा जागचा हलत नव्हता. लंडनला असं कधी झालं नाही. तिथे तर सारखा वारा असे. गाडी दिसायच्या आधी तो येई, टोप्या उडवी, वर्तमानपत्रं फडफडवी. आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. वारा गाडी आणत होती! बोगद्यात गच्च बसलेली गाडी पुढची हवा ढकलत न्यायची आणि मागे नवी ओढून घ्यायची. त्यानं स्टेशन बांधलं होतं, पण हवा खेळवणारी गाडी नव्हती.

"गाडी पाहिजे!" तो ओरडला.

"आता कुटं निगालात?" कानिफनाथराव खोकत म्हणाले.

"कुठे नाही. आपण गाडी व्हायचं!"

त्यानं फलाटावरची जाजम ओढली. तिच्यावर बसलेले दोघे खाली घरंगळले. दोन्ही टोकांना मांडवाचे बांबू बांधले, जाजम बोगद्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभी ताणली. "ही धरून पलीकडे पळायचं. मधे जड माणूस हवा."

जड माणूस कोण, याबद्दल मतभेद नव्हता. कानिफनाथरावांनी क्षणभर शरच्चंद्राकडे बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि छातीनं जाजम पुढे रेटली. मागे आबासाहेब, त्यांच्या पाठीला धरून सहादेव, त्यामागे दोन्हीकडचे पाव्हणे. मुलाकडचं कोण आणि मुलीकडचं कोण हे धुरात कळतच नव्हतं.

"चला!"

आणि ती मंडळी धडधडत सुटली. बोगद्यात पावलांचा असा गडगडाट झाला, की वरच्या घोड्यानं दावं तोडलं. ओढ्याच्या तोंडातून आधी धुराचा लोट बाहेर पडला, मग जाजम, मग कानिफनाथराव, तोंड काळं, मिश्या राखाडी. छगनच्या म्हशी शेपट्या वर करून नेवाशाच्या दिशेनं गेल्या.

"जमलं!" कानिफनाथराव ओरडले, आणि उत्साहाच्या भरात जाजम तशीच ताणलेली ठेवून वळले. "फिरा मागं!"

"गुंडाळा! आधी जाजम गुंडाळा!" शरच्चंद्र आतून हाका मारत होता, पण गाडी निघाली होती. तिनं गेलेल्या धुरातला बराचसा गोळा करून पुन्हा लग्नाच्या चौकात आणून सोडला. दत्तोपंतांनी "स्वाहा"च्या जागी दुसरंच काहीतरी म्हटलं.

पुढच्या खेपेला मात्र सगळ्यांना समजलं. जाताना ताणून, येताना गुंडाळून. गाडी गेली, आली, पुन्हा गेली. कानिफनाथराव आता तोंडानं शिट्टीही घालू लागले होते. आणि शरच्चंद्र चौकात उभा असताना त्याच्या पाठीला गार झुळूक लागली. जिन्यावरून, अडकलेल्या माणसांच्या मधून, वरची ताजी हवा खाली येत होती. त्याच्या सदऱ्याची कड हलली. फलाटावरच्या गॅसबत्त्या हेलकावल्या. तो वारा त्याच्या इतक्या ओळखीचा होता, की त्याला दोन्ही डोळे पुसावे लागले. त्या दिवशी कोण कशानं रडतंय हे विचारायची सोय नव्हती, ते बरं झालं.

धूर निवळला. लाल कड्यावरची 'सोनई' पुन्हा दिसू लागली. होमाजवळ मुक्ता आणि तिचा नवरा होते तिथेच बसलेले होते. बाकी सगळे गाडीत नाहीतर जिन्यावर होते. मुक्ता इतका वेळ ओठ दाबून होती. आता तिनं मान वर केली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भाऊ, म्होरली गाडी कवा हाय?"

नवरदेव फिसकन हसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

सप्तपदी झाली तेव्हा दोन्हीकडची मंडळी घामाघूम, काळ्या तोंडांची, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसली होती. मानपानावरून रुसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एका मामांनी आठवण करून दिली, पण त्यांना सरबत देऊन गप्प केलं. जिन्यावरची गाठ शरच्चंद्रानं स्वतः उभं राहून सोडवली. चढणाऱ्यांना उजवीकडे, उतरणाऱ्यांना डावीकडे. या वेळी कानिफनाथराव खाली उभे राहून गरजत होते, "पंत सांगतील तिकडनंच जायाचं! कोन हाय रं तो मधी?"

वरात शेवगावला गेली. दुसऱ्या दिवशी शरच्चंद्रानं सहादेवला घेऊन कमानीला भोक पाडलं आणि त्यावर उंच धुराडं चढवलं. दत्तोपंत एकदा येऊन खाली उतरले, भिंतीवरून हात फिरवला, कट्ट्यावर बसून बघितलं. जाताना म्हणाले, "शरू, आता कुणी विचारलं तर काय सांगू? रेल्वेत होता म्हणून?"

"सांगा, जिने बांधतो."

"स्टेशन बांधतो म्हणेन," दत्तोपंत म्हणाले आणि कठड्यावर हात ठेवून सावकाश वर गेले.

पुढच्या आठवड्यात शेवगावची बैलगाडी दारात थांबली. कानिफनाथराव उतरले. सून सुखात असल्याचं सांगितलं, पाणी प्यायले, मिश्या पुसल्या.

"पंत, आमच्याकडं बाजारात यापारी मानसांसाटी धरमशाळा बांदायची हाय. लोकं लांबून येत्यात, उनात बसत्यात. तुमी बांदा."

"जमिनीखाली?" शरच्चंद्रानं भीत भीत विचारलं.

"वर," कानिफनाथराव ठामपणे म्हणाले. मग जरा घुटमळले. "पर लांबट करा. मधून पळता आलं पायजे."

शरच्चंद्र त्याच गाडीत बसून शेवगावला गेला. जागा दाखवली तसा तो मोकळ्या मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि चिमूटभर माती घेऊन हळूच सोडून बघू लागला, ती कुठे उडते ते. एकदा सोडली, दोनदा सोडली. बघ्यांचा घोळका जमला.

"काय करत्यात वो?" एकानं विचारलं.

"दिष्ट काडत्यात," कानिफनाथराव खालच्या आवाजात म्हणाले. "लंडनची रीत हाय. गप ऱ्हावा."